भरती

मुख्य आवारातून परिपत्रक आलं: यंदा भरती बंद.
फेरीबोटीत उभ्या उभ्या वाचलं
आणि सुकाणूवरच्या अनाक्लेतला दाखवलं.
तो हसला. म्हणाला, बाय,
ती तर दिवसातनं दोनदा येते,
बंद कोण करणार?

मी तासिका तत्त्वावर.
तासाला किती, ते सांगत नाही.
फेरीबोटीत चालत्या माणसाला तिकीट नाही
म्हणून परवडतं.

आमचं विद्यापीठ म्हणजे दिवाडीवरची
पटाअभावी बंद पडलेली प्राथमिक शाळा.
बाकं लहान.
एम.ए.ची मुलं गुडघे छातीशी घेऊन
संशोधनपद्धती शिकतात.
फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगवलेला सुविचार
अजून आहे, अर्धाच:
नेहमी खरे
पुढचं ओलीनं खाल्लं.

वेळापत्रक शिक्क्यासकट येतं.
त्याला नदी ठाऊक नाही.
पहिल्याच सत्रात एका सोमवारी
आठ नावांपुढे मी आठ शून्यं काढली.
आठही जण बांधावर होते.
मानशीचं दार रात्री फुटलं होतं,
खारं पाणी शेतात चढत होतं.
संध्याकाळी विशांती आली, कोपरापर्यंत चिखल,
म्हणाली, मॅडम, हजेरी.
मी पेन उघडलं,
आणि कुठल्या रकान्यात लिहायचं ते सुचेना.

तेव्हापासून गुरुवारचा तास बांधावर.
शिकवतो कुस्तोद, वय चौऱ्याहत्तर,
मानशीवर तीन पिढ्या.
रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर,
पण पाणी मोजतो तिथीने:
अष्टमीला ते आळशी, अवसेला उर्मट.
मुलं लिहून घेतात.
मीही.
त्याच्या मानधनाचा कागद मी तीनदा पाठवला,
तीनदा परत आला: पात्रता नमूद करावी.
चौथ्यांदा मी नमूद केलं,
याच्यामुळे भात पिकतं.
तो कागद अजून परतला नाही.
कुठे आहे तेही कळत नाही.

मग क्षारमापक आलं, खोक्यात, हमीपत्रासह.
विशांतीने ते पाण्यात बुडवलं.
कुस्तोदने बोट बुडवून जिभेला लावलं.
दोघांच्या आकड्यांत दोनाचा फरक.
कोण चुकलं,
यावर तिचा प्रबंध आहे.

मूल्यांकन समिती आली मार्चमध्ये.
विचारलं, समाजाशी संबंध किती?
किती म्हणजे, मी म्हटलं,
शेवटची फेरीबोट सुटेपर्यंत.
त्यांनी ते लिहिलं नाही.
मात्र ओहोटीला बोट धक्क्याला टेकेना,
म्हणून गाडीसकट दीड तास थांबले,
आणि चंद्रावतीने त्यांना
कोरगुटाची पेज दिली, लोणच्याच्या फोडीसह.
अध्यक्षांनी दोनदा घेतली.
त्याला गुण नव्हते.

चंद्रावती म्हणजे विशांतीची आई.
अहवाल छापून आला तेव्हा
तिने पदराला हात पुसून तो हातात घेतला,
पानं उलटली,
नकाशात आपलं शेत शोधलं, सापडलं,
बोट ठेवून म्हणाली, हे माझं.
आणि खाली काय लिहिलंय?
खाली सगळं इंग्रजीत होतं.
विशांती खाली बघू लागली.
मीही. त्या वाक्यांवरून
मीच लाल शाई फिरवली होती,
व्याकरण तपासलं होतं.
कोणासाठी, हे तपासलं नव्हतं.

आता बुधवारी संध्याकाळी
आम्ही तो अहवाल मराठीत उतरवतो, एकेक परिच्छेद.
'क्षारता'पाशी चंद्रावती अडवते:
खारेपण म्हण की.
आम्ही खोडतो.

काल ती म्हणाली, मलाही नाव घालायचंय.
मी परिपत्रक दाखवलं. भरती बंद.
तिने ते वाचलं, सावकाश, शिक्क्यापर्यंत,
घडी घालून मला परत दिलं.
मग ओहोटीत घे, म्हणाली,
मी चिखलातनं येते.

हजेरीपटात तळाला एक ओळ रिकामी होती.
शिसपेनीनं लिहिलं.
तेवढ्यात भोंगा झाला
आणि आडनाव राहिलं.